फेस बसल्यावर

निशाच्या हातातला पेला तसाच होता. मीनाबाईंनी म्हशीची धार थेट त्यात काढून दिली होती, पण नात पीत नव्हती. वरचा फेस बघत बसली होती.

"आज्जी, मी चुकलोय," ती म्हणाली. "लई मोठं चुकलोय."

उचगावच्या त्या गोठ्यात मग तिनं सगळं सांगितलं. दक्षिण ध्रुवावर डोंगराएवढा बर्फ आहे. उपग्रह वरून त्याची उंची मोजतो. पण उंची म्हणजे वजन नव्हे. ताजं हिम भुसभुशीत, खालचा बर्फ घट्ट. कोणत्या वर्षी किती हिम पडलं, किती दबलं, हे संगणकात हवामानाचं मॉडेल चालवून काढतात आणि मगच वजन ठरतं. निशानं चुकून मागच्याच वर्षाचं हिम धरलं होतं. यंदा ते उदंड पडलं होतं, म्हणून भुसभुशीत हिमानं वाढलेली उंची घट्ट बर्फाची धरली गेली आणि तिच्या हिशोबात बर्फ वाढला. आज सकाळी तिनं पुन्हा मांडून पाहिलं, तर उंची वाढलेली, वजन मात्र घटलेलं.

चुकीचा निकाल पुण्याच्या संशोधन संस्थेत तिच्या सरांकडे पोचला होता. सरांनी शाबासकीही दिली होती. आज अकरा वाजता तोच तिला इथूनच संगणकावरून सगळ्यांपुढं मांडायचा होता आणि पुढच्या दोन वर्षांची नेमणूक त्यावरच ठरणार होती.

"कुणाला कळंल का?" मीनाबाईंनी हळूच विचारलं.

"एवढ्यात न्हाई. वरीसभरानं कोणीतरी हुडकून काढंल."

'मग गप बस की,' हे अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथंच अडलं.

चाळीस वर्षं त्या कोल्हापुरात दूध कट्ट्यावर म्हैस घेऊन उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकासमोर धार काढायची. हात उंच धरला की फेस चढतो आणि भांडं अर्ध्या दुधात भरतं, हे साऱ्या कट्ट्याला ठाऊक. म्हणून फेस बसेपर्यंत थांबायचं, मग वर भरून द्यायचं, असा रिवाज. एका उन्हाळ्यात म्हैस आटत आली, तेव्हा अण्णासो मास्तरांना त्यांनी आठ दिवस फेसच दिला. मास्तर आजारी बायकोसाठी तांब्यात दूध न्यायचे. नवव्या दिवशी तांब्या भरला, पण मास्तर निघाले नाहीत. फेस पार बसेपर्यंत दुसरीकडं बघत उभे राहिले. मग अर्धा तांब्या उचलून गेले. नंतर ते आलेच नाहीत. पावसाळ्यात त्यांची बायको गेल्याचं कळलं. दुधापायी गेली नसेल. पण मीनाबाई मास्तरांच्या गल्लीतून पुन्हा कधी चालल्या नाहीत.

हे त्यांनी आज पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

निशानं पुन्हा पेल्यातल्या फेसाकडं पाहिलं.

"फेस बसतोच गं," मीनाबाई म्हणाल्या. "आपण बघाय नसलो तरी बसतो. फोन लाव सरास्नी."

"आणि नेमणूक गेली म्हंजे?"

"म्हशी हायत्या की," त्या म्हणाल्या. "पर तुला धार कुठं काढाय येती."

निशा कशीबशी हसली, पेला भिंतीच्या कोनाड्यात ठेवून फोन घेऊन अंगणात गेली. तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच ती नुसतीच ऐकत राही, तेव्हा मीनाबाई दाराकडं बघत.

त्यांनी पेला उचलला. दूध अर्ध्यालाही नव्हतं. रेडकासाठी राखलेल्या सडापाशी त्या पुन्हा बसल्या आणि पेला अगदी सडाला भिडवून काठोकाठ भरला.

बाहेरचा आवाज थांबला. निशा अजून आत आली नव्हती. दूध हिंदकळू नये म्हणून मीनाबाई दोन्ही हातांनी पेला धरून बसून राहिल्या.