माळ्यावरचा डबा

वडील जाऊन नऊ दिवस झाले, तरी थोरलीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. लोकांना काय, बोलायला तोंड आहे! म्हणाले, दगडाच्या काळजाची आहे. अहो, तिला भूकही कळत नव्हती आणि ऊनही. उठायचं, धारा काढायच्या, परत येऊन भिंतीकडे बघत बसायचं.

धाकट्या भावाची बायको शहरातून आली होती. कामाला वाघ, पण शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. काल तिने विचारलं, "ताई, उद्या वीस माणसं जेवायला आहेत. काय करू?"

"माळ्यावर डबा आहे. घे त्यातलं," भिंतीवरची नजर न काढता थोरली म्हणाली.

आज सकाळी घेवडा टोकायचा म्हणून थोरली बी काढायला माळ्यावर चढली, तर डबा रिकामा.

वडील दर हंगामात सगळ्यात भरलेल्या वेलींना चिंधी बांधायचे. त्या शेंगा बियाण्याच्या, त्यांना हात लावायची कुणाची टाप नव्हती. चाळीस वर्षांत त्यांनी बाजारातून एक दाणा आणला नाही. कमी पाण्यावर, औषधाविना येणारा तो घेवडा खाऊन निम्मं गाव वाढलं. आणि तिने तो स्वतःच्या तोंडाने देऊन टाकला! तिला वाटलं, आता तरी आतून काही हलेल. काही हललं नाही.

खाली येऊन तिने भावजयीला विचारलं, "शिजवलास?"

"अजून नाही. रात्री सगळा भिजत घातलाय. का, काही चुकलं?"

पातेल्यात दाणे टम्म फुगले होते. आज मातीत गेले तर ठीक, उद्या आंबणार.

"चुकलं माझं. हे बियाणं आहे. पाणी काढ आणि चल."

"अगं बाई! आणि पाहुणे?"

"त्यांनाही घे. जेवण नंतर."

पाहुणे कुरकुरत वावरात आले. जमिनीत ओल होती. थोरली सरीवर गुडघे टेकून बसली.

"दोन बोटं खोल. दाण्याचा डोळा खाली. उलटा ठेवला तर बिचाऱ्याला वर यायला त्रास होतो."

"बिचाऱ्याला?" भावजय हसली. "असं कोण म्हणतं?"

"बाबा," थोरली म्हणाली, आणि तिला हुंदका फुटला. चिखलाच्या हातांनी तोंड झाकून ती मोठ्याने रडली. भावजय पुढे झाली, तर तिने मान हलवली. "पातेलं दे इकडे," ती म्हणाली आणि रडत रडतच तिने पुढचा दाणा टोकला.