पहिला तास

ताईने सिगारचं टोक चाकूने कापलं, काडी पेटवली आणि सिगार ज्योतीपासून जरा लांब धरून सावकाश फिरवत राहिली. टोक सगळीकडून सारखं लाल झाल्यावर तिने पहिला झुरका घेतला, तोंडात धूर घोळवला आणि नव्या भट्टीच्या तोंडाकडे हलकेच सोडला.

भट्टीत लाकडं नुकतीच पेटली होती. भट्टीघराची खिडकी तिने लावून घेतली होती, दाराला आतून कडी घातली होती. दाराच्या काचेपलीकडे दोन चेहरे होते. एक बेकरीवाल्या बाईंचा, दुसरा तिच्या धाकट्या भावाचा. बाईंचं पीठ मळून तयार होतं. त्यांचं बिऱ्हाड याच भट्टीच्या वरच्या मजल्यावर होतं. म्हाताऱ्या सासूबाई आणि दोन लेकी आत्ताही वरच होत्या.

नियम बाबांचा होता. भट्टी बांधणाऱ्याने पहिला तास दार लावून आत बसायचं. आपण जिथे तासभर बसू शकत नाही तिथे दुसऱ्याला जन्मभर कसं बसवायचं, असं ते म्हणत. वेळ मोजायला सिगार, कारण जपून ओढली तर ती बरोबर तासभर पुरते. शिवाय तिचा धूर दाट. धुराड्याला ओढ असेल तर तो सरळ भट्टीच्या तोंडात शिरतो. आईचं मत वेगळं होतं. "हे भट्टीसाठी सिगार ओढत नाहीत," ती म्हणायची, "सिगारसाठी भट्ट्या बांधतात."

ताईने सोडलेला धूर हातभर पुढे गेला, भट्टीच्या तोंडाशी घुटमळला आणि परत फिरला.

तिने दुसरा झुरका घेतला. तोही परत आला. भट्टीतली ज्योत पिवळी, आळसट झाली होती.

काय झालं असणार ते तिला लगेच कळलं. धुराड्याला मध्यावर कोपर, म्हणजे वळण होतं, आणि त्याच्या खाली नि वर आत हात घालायला एकेक झडप. आतून गिलावा करताना त्या-त्या भागाखाली पोतं कोंबायचं, म्हणजे सांडलेला मसाला त्यावर पडतो. गिलावा सुकला की पोतं ओढून काढायचं. कोपराखालचं काम मंगळवारी धाकट्याने एकट्याने केलं होतं, वरचं बुधवारी तिने. सकाळपासून तिने त्याला चारदा विचारलं होतं.

"पोतं काढलंस ना?"

"काढलं गं. किती वेळा विचारशील?"

चौथ्या वेळी त्याने तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं होतं. आता तिला त्या न बघण्याचा अर्थ लागला.

उठून कडी काढणं सोपं होतं. पण मग बाईंसमोर सांगावं लागलं असतं, की हा खोटं बोलला. गेल्याच आठवड्यात धाकटा म्हणाला होता, पुढची भट्टी मी एकटा बांधतो. ती "बघू" म्हणाली होती. भट्टीवाल्याचं नाव एकदा खराब झालं की वीट उचलायलाही कोणी बोलावत नाही. तो स्वतःहून बोलला तर ती चूक ठरली असती आणि चुका सगळ्यांच्याच होतात. तिच्या तोंडून बाहेर पडली तर तो कायमचा लबाड ठरणार होता. म्हणून ती स्टुलावर बसून राहिली.

बाबाही असेच बसले होते. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्या हातून अर्धी वीट धुराड्यात पडली होती आणि ती भीतीने मूग गिळून गप्प राहिली होती. बाबा सिगार पेटवून आत बसले. त्यांना पाचव्या मिनिटाला कळलं असणार. तरी ते चाळीस मिनिटं बसले, डोळ्यांतून पाणी गळत असताना, एकदाही बाहेर न बघता. शेवटी तिनेच रडत दार बडवलं. अंगणात येऊन ते खोकत खोकत एवढंच म्हणाले, "आता रात्री झोप लागेल तुला." आणि उरलेली सिगार तिच्या हातात दिली. त्या कडवट झुरक्यात तिला जी सुटका मिळाली, ती ती अजून विसरली नव्हती. लोकांना वाटायचं, बाईमाणूस आणि सिगार, काय हे खूळ! पण तिला सिगार मनापासून आवडायची. प्रत्येक सिगारला तिच्यासाठी माफीची चव होती. ही गोष्ट तिने घरात इतक्यांदा सांगितली होती की धाकट्याला ती पाठ होती.

सिगार तिसरा हिस्सा जळली. ताईच्या कपाळात ठणका सुरू झाला. काचेपलीकडून धाकटा दिसेनासा झाला, मग धावत परत आला. त्याने काचेवर बोटं वाजवली.

"ताई, बाहेर ये. वर धूरच दिसत नाहीये."

"का दिसत नाहीये?"

"ते नंतर बघू. तू आधी ये."

"का दिसत नाहीये, ते सांग."

धाकटा तिच्याकडे बघत राहिला. बाईंनी पदराशी चाळा करत एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"काही गडबड आहे का हो?"

ताईने आणखी एक झुरका घेतला, पण आता त्याची चव लागत नव्हती. राख मांडीवर पडली आणि ती झटकायची राहून गेली. पाय जड झाले होते. बोल रे बाबा, ती मनात म्हणत होती, एकदाच बोल. याहून जास्त वेळ मला देता येणार नाही. तिला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, की तो बोलणारच नाही.

धाकट्याने दोन्ही तळवे काचेवर टेकले.

"पोतं माझ्याकडून राहिलं," तो मोठ्याने, बाईंना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी खोटं बोललो. चूक माझी. आता तरी कडी काढ!"

ताईने कडी काढली. त्याने तिला दंडाला धरून जवळजवळ उचलूनच अंगणात आणलं, परत आत जाऊन खिडकी उघडली, निखारे ओढून बादलीत घेतले. ती भिंतीला टेकून मोठमोठे श्वास घेत होती. डोकं दुखत होतं, पण जीव भांड्यात पडला होता. बोलला. आपला भाऊ बोलला.

बाईंनी तिला पाणी आणून दिलं.

"तुम्ही होतात म्हणून बरं, ताई. याच्या एकट्याच्या हाती काम असतं तर आज वरची माणसं... नको तो विचार. अजून कच्चा आहे हो तो."

ताई त्याच्या बाजूने बोलणार होती. चूक कबूल करायला जिगर लागते, असं काहीतरी. तेवढ्यात तिचं लक्ष शिडीकडे गेलं. धाकट्याने कोपराखालची झडप उघडलीसुद्धा नव्हती. तो शिडी लावून थेट वरच्या झडपेशी चढला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि कोपरावरून एक काळंठिक्कर, अर्धं जळलेलं पोतं ओढून काढलं.

कोपरावरचं.

बुधवारी संध्याकाळी तिने ते स्वतः कोंबलं होतं. मग दवाखान्यातून आईबद्दल फोन आला आणि ती हात धुऊन तशीच पळाली होती. धाकट्याला चारदा विचारलेला प्रश्न तिने स्वतःला एकदाही विचारला नव्हता. सिगार अजून तिच्या बोटांत होती. ती तिने पायाखाली विझवली.

"बाई," ती म्हणाली. "ते पोतं माझं आहे. त्याने त्याचं मंगळवारीच काढलं होतं."

बाई गोंधळल्या. त्यांनी शिडीकडे पाहिलं.

"मग मघाशी हा म्हणाला ते काय?"

धाकटा झडप बसवत होता. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

"मी तसं म्हटल्याशिवाय तिने कडी काढली नसती," तो म्हणाला.