तळ्यापर्यंतची वाट

बायको, बोर्गिल, गेल्यापासून तोर्ग्रिम शेडमधल्या त्या भिंतीकडे बघत नव्हता. तिथे तिच्या स्की टांगलेल्या होत्या आणि खाली खिळ्याला बूट. पण ईस्टर चार दिवसांवर आला होता आणि वरच्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंतची वाट आखायची राहिली होती. ईस्टरला शहरातली माणसं पोराबाळांसकट वर येतात. पठारावर धुकं उतरलं की बर्फात रोवलेल्या बर्चच्या फांद्यांशिवाय त्यांना दुसरा आधार नसतो. सव्वीस वर्षं हे काम तो आणि बोर्गिल करत आले होते. या वर्षी वाटा सांभाळणाऱ्या मंडळाने विचारलं होतं, जमेल का, नाहीतर वाट बंद ठेवू. तो म्हणाला होता, जमेल.

मुलगी रान्दी रजा काढून बर्गनहून आली. येताना नव्या स्की घेऊन आली, हलक्या आणि अरुंद. तोर्ग्रिमने एक हातात घेऊन कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्या कुठे चालवतेस?"

"घराजवळच्या जंगलात. दिवे असतात तिथे."

"मग तिथेच चालव. पोलादी कड नाही ह्यांना. तळ्यावरच्या उताराला बर्फ काचेसारखा होतो."

"दुकानदार म्हणाला, सगळीकडे चालतात."

"दुकानदार येणारेय का फांद्या रोवायला?"

शेवटी बोर्गिलच्याच स्की खाली काढाव्या लागल्या. बूटही रान्दीला नेमके बसले. नाड्या बांधताना तिने वर पाहिलं नाही, आणि तो स्कीला लावायच्या मेणाचा डबा शोधत राहिला. तिचा काळ्या काचांचा चष्मा त्याने काढून ठेवला आणि पिवळ्या काचांचा दिला. धुक्यात काळ्या काचेतून खड्डाही सपाट दिसतो, पिवळीतून निदान थोडी सावली कळते, एवढंच त्याने सांगितलं.

वाट आखायला तो मुद्दाम वाईट हवेचा दिवस निवडायचा. ही बोर्गिलचीच रीत. उन्हात अंतर मोजून रोवलेल्या फांद्या उन्हातच दिसतात, असं ती म्हणायची. एकाने शेवटच्या फांदीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने फांद्यांची घसरगाडी ओढत पुढे जायचं. पुढचा दिसेनासा होण्याच्या बेताला आला की मागच्याने हाक मारायची. तिथे पुढची फांदी.

तासाभरात आभाळ आणि जमीन एक झाली. तोर्ग्रिम ओढत होता, रान्दी मागून "थांब" म्हणत होती. हाक फार लवकर येत होती. धुकं दाट असेल म्हणून तो आधी काही बोलला नाही. पण तळ्यावरच्या उतारापाशी पोचले तेव्हा गाडी जवळजवळ रिकामी झाली होती आणि अर्धी वाट बाकी होती. तो मागे फिरला.

"तीन फांद्या दिसतायत मला इथून. एक दिसली की पुरे."

"तू धूसर होत होतास."

"धूसर होऊ दे ना. अगदी शेवटी ओरडायचं."

"नाही थांबवत मला तेवढं, बाबा." तिने चष्मा वर केला. "आई कशी थांबायची?"

सव्वीस वर्षं तोर्ग्रिम बोर्गिलकडे पाठ करून चालला होता. हाक आली की थांबायचा, फांदी रोवायचा, पुढे निघायचा. त्या वेळी तिचा चेहरा कसा असायचा हे त्याला ठाऊक नव्हतं.

मग त्याने जागा बदलल्या. डावीकडे बर्फाची कड पोकळीवर झुकलेली आहे, तेव्हा वारा उजव्या गालावर ठेवून चाल, असं त्याने दोनदा बजावलं. रान्दी निघाली. आधी तिच्या स्की दिसेनाशा झाल्या, मग गुडघे, मग गाडी. लाल टोपी तेवढी राहिली. आता हाक मारायला हवी होती. त्याचं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. डिसेंबरात दवाखान्यातल्या खाटेवर बोर्गिल अशीच रोज थोडी थोडी कमी होत गेली होती. तेव्हाही तो नुसता बघत बसला होता.

टोपी गेली.

तेव्हा तो ओरडला. उत्तर नाही. पुन्हा ओरडला. मग आवाज आला, पण समोरून नाही. डावीकडून.

"बाबा? वारा पडलाय. कुठे आलेय कळत नाही."

"हलू नकोस. बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही."

मग तिने सुरुवात केली. हट्टी म्हातारा आहेस, मंडळाला नाही म्हणायला काय झालं होतं, आई असती तर तुझ्या कानाखाली वाजवली असती, सूप सुद्धा खारट करतोस. तोर्ग्रिम काठीने पुढचा बर्फ टोचत त्या शिव्यांच्या मागे मागे गेला. ती दिसली तेव्हा तो तिच्यापासून दोन हातांवर होता. त्याने काठी तिच्या पलीकडे खुपसली. काठी मुठीपर्यंत आत गेली, आणि खाली काहीच लागलं नाही.

त्याने तिचं जाकीट धरलं आणि दोघं बसूनच मागे सरकली.

उताराच्या माथ्यावरच्या शेवटच्या फांदीपाशी पोचल्यावर रान्दी म्हणाली, उद्या आणखी फांद्या तोडू आणि येऊ, अजून दिवस आहेत. तोर्ग्रिमने नकारार्थी मान हलवली. गाडीतल्या दोन फांद्या काढून त्याने एकमेकींवर फुलीसारख्या रोवल्या. याचा अर्थ इथे सगळ्यांना कळतो. यापुढे वाट नाही.

"झोपडी बुक केलेली माणसं काय करतील?" तिने विचारलं.

"घरी बसतील."

"आणि पुढच्या वर्षी?"

"दुसऱ्या कोणाला तरी बघू दे मंडळाला."

परतताना त्याने तिला पुढे घातलं आणि स्वतः तिच्या पाठीला हात पोचेल एवढ्या अंतरावर राहिला. धुकं आणखी उतरलं होतं. फांद्या इतक्या जवळ होत्या की एक मागे पडायच्या आत दुसरी समोर येत होती.