छतातले भाऊ

मित्रांनो, आईबरोबर इथे पार्लरमध्ये आला असाल आणि तिच्या भुवया होईपर्यंत तुम्हाला काही उद्योग नसेल, तर जरा मान वर करा. पत्र्याच्या खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणून बसवलेला जो दिसतो, तो मी. मी एक जुना फ्लेक्स आहे. तसं माझं वय फार नाही. पण आमच्यात वाढदिवस उलटला की लगेच म्हातारपण सुरू होतं.

माझा जन्म शेवगावात हारिसच्या दुकानात झाला. निमित्त होतं वैजनाथभाऊंच्या वाढदिवसाचं. भाऊ म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. हारिसने कॉम्प्युटरवर त्यांना गोरं केलं, पोट आत घेतलं, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला, कानाला मोबाईल लावला आणि पाठीमागे जबडा उघडलेला सिंह उभा केला. खाली शुभेच्छुकांची तोंडं ओळीने बसवली. दोघांचे फोटो ऐनवेळी आले, म्हणून त्यांना सिंहाच्या शेपटीपाशी जागा मिळाली. ते दोघे हारिसशी अजून बोलत नाहीत.

मला गावच्या चौकात उभं केलं तेव्हा काय माझा थाट! एसटीतून उतरणारा प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे बघायचा. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे. मला वाटलं, लोकांनी बघावं म्हणूनच आपला जन्म आहे. ही माझी हौस पुढे एका पोरीच्या मुळावर येणार होती, पण ते मला तेव्हा कुठून कळणार?

वाढदिवसाच्या दिवशी सगळ्या गावाचं लक्ष केककडे होतं. वस्तीवरचा पुंजाराम एकटाच माझ्याकडे बघत होता. बघत कसला, हाताने माझी लांबीरुंदी मोजत होता. वाढदिवस झाला की फ्लेक्सवर सगळ्यांचा डोळा असतो. कुणाला तो कांद्यावर टाकायचा असतो, कुणाला कडब्यावर. पण माझ्या खांबांचे खड्डे पुंजारामने खणले होते, त्यामुळे हक्क त्याचा. केकचा तुकडा तोंडात असतानाच त्याने माझ्या दोऱ्या सोडल्या, मला गुंडाळलं आणि खांद्यावर टाकून वस्तीवर नेलं. दुसऱ्या दिवसापासून मी कडब्याच्या गंजीवर. वर कावळे, खाली उंदीर. चौकातला मान कुठे आणि हे कुठे! मी फार हिरमुसलो.

पुंजारामचं घर ऊसतोडीचं. दसरा झाला की टोळीबरोबर कोपरगावकडे जायचं, कारखान्याच्या पट्ट्यात पाचटाची कोपी घालून राहायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. पुंजाराम आणि त्याची बायको लंकाबाई हा एक कोयता. त्यांचा मुलगा अंगद आणि सून धनश्री हा दुसरा.

धनश्रीने लग्नाआधी शेवगावात पार्लरचा कोर्स केला होता. लग्नानंतर पहिल्याच हंगामात हातात दोऱ्याऐवजी कोयता आला. तरी ती संध्याकाळी कोपीसमोर बसून टोळीतल्या बायकांच्या भुवया कोरायची. परत आल्यावर तिने सासऱ्याला सरळ विचारलं, "मामा, पुढच्या खोलीत पार्लर टाकू का? मला पुन्हा तोडीला न्हाई जायचं."

पुंजाराम माणूस वाईट नाही. तो तंबाखू मळत म्हणाला, "दसऱ्याला टोळी निघंल. तवर बायका यायला लागल्या तर तू हितं ऱ्हा, आमी तिघं जाऊ. न्हाई आल्या, तर कोयता घ्यायचा अन् गप चालायचं."

झालं! धनश्रीने पदर खोचला. 'कमी खर्चात घर सजवा' असे व्हिडिओ तिने मोबाईलवर इतके पाहिले होते, की वस्तीवरची कुठलीही टाकाऊ वस्तू तिच्या नजरेतून सुटेना. सायकलच्या जुन्या टायरला सुतळी गुंडाळून तिने आरशाची चौकट केली. लंकाबाईची जुनी नऊवारी फाडून पडदे शिवले. भिंतींना चुना दिला आणि त्यात गुलाबी रंग कालवला. मग भेंडी मधोमध कापून, रंगात बुडवून भिंतीवर फुलांचे ठसे उमटवायला घेतले.

लंकाबाई दारात येऊन उभी राहिली. "कोरड्यास कशाचं करू? सगळी भेंडी भितीला लावलीस!"

"आत्याबाई, फुलं बघा ना कशी उठल्यात."

लंकाबाईने बघितलं. फुलं खरोखरच सुरेख उठली होती. त्या दिवशी घरात पिठलं झालं. खुर्चीचंही असंच. पार्लरची मागे झुकणारी खुर्ची आणायची कुठून? अंगदने साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पुढच्या पायांखाली विटा दिल्या आणि मागे उशांचं गाठोडं लावलं. बसलं की माणूस आपोआप आभाळाकडे तोंड करायचा.

राहिलं ते छत. पत्रा इतका तापायचा की गिऱ्हाईक दोन मिनिटं बसलं नसतं. धनश्रीची नजर कडब्याच्या गंजीकडे गेली. तिने मला साबण लावून धुतलं, वाळवलं आणि ती म्हणाली, "ह्याची पांढरी बाजू खाली घेऊ. अगदी बंगल्यातल्या छतासारखं दिसंल."

पुंजाराम मला हातात घेऊन शिडीवर चढला आणि थबकला. "पांढरी बाजू खाली म्हंजी भाऊंचं तोंड पत्र्याकडं?"

"व्हय."

"जित्या मानसाचा फोटू कुनी पालथा घालतंय व्हय? उद्या भाऊंना काय झालं, तर समदी आपल्याकडं बोट दाखवत्याल."

लंकाबाईनेही मान हलवली. असली गोष्ट अशुभ, त्यावर वाद नाही. धनश्रीने परोपरीने सांगून पाहिलं, पण सासऱ्याने ऐकलं नाही. तारा ओढून त्याने मला ताणून बांधलं, तोंड खाली करून. मित्रांनो, खोटं कशाला बोलू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुन्हा लोक माझ्याकडे बघणार होते.

पण त्या दिवसापासून घराची तऱ्हाच बदलली. लंकाबाई खोलीत आली की आधी डोक्यावरून पदर घ्यायची. गावातल्या मोठ्या माणसासमोर उघड्या डोक्याने कसं वावरायचं? अंगद जेवणाचं ताट उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. माझ्या भाऊंची नजरच तशी होती. कुठेही बसा, गॉगलातून ते तुमच्याकडेच बघणार. आणि खुर्ची नेमकी त्यांच्या मिशीखाली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली सत्यशीला. ही शेजारच्या वस्तीवरची, बोलायला फटकळ. तिला माहेरी बारशाला जायचं होतं. ती येताना मोबाईलमध्ये बघत आली आणि बघतच खुर्चीत बसली. धनश्रीने तिचं डोकं मागे टेकवलं, डोळे मिटायला सांगितले, दोऱ्याचं टोक दातात धरलं आणि एक भुवई अशी झकास कोरली की मीसुद्धा वरून खूश झालो. सत्यशीलाने दुसऱ्या भुवईआधी जरा दम घ्यायला डोळे उघडले.

"अगं आई गं! भाऊ!"

ती ताडकन उठली. विटा सरकल्या, खुर्ची कलंडली, उशा दारापर्यंत गेल्या. सत्यशीलाने डोक्यावर पदर ओढला आणि जी पळाली ती घर गाठेपर्यंत थांबली नाही. माहेरच्या बारशात ती एक भुवई पदराखाली झाकून फिरली आणि सगळीकडे सांगत सुटली, "पुंजारामाच्या घरी जाऊ नगा. बाईमानसानं तोंड वर करून बसायचं अन् वरून भाऊ बघत्यात!"

झालं, वस्तीवर दुसरा विषयच उरला नाही. बायका दारापर्यंत यायच्या, वाकून वर बघायच्या, खुदकन हसायच्या आणि निघून जायच्या. धनश्रीने माझ्याखाली जुनी साडी बांधून पाहिली. पुंजारामने ती लगेच सोडायला लावली. "तोंड कुनाचं झाकत्यात, कळतं का तुला?" पालथं घालायचं नाही, झाकायचं नाही, काढावं तर पत्र्याखाली भट्टी.

नवरात्र बसलं. बाहेर अंगणात पुंजाराम दगडावर कोयत्यांना धार लावायला बसला. तो आवाज सगळ्या घरात घुमत होता. धनश्री त्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली आणि मान मागे टाकून माझ्याकडे बघत रडली. मला मुंडासं असतं तर मी ते तिच्या पायाशी ठेवलं असतं. चौकात सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, तेव्हा मला अभिमान वाटला होता. त्या दुपारी ही एकटी पोर बघत होती आणि मला लाज वाटली. आपल्याला तोंड नसतं तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात पहिल्यांदा आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गाडी थांबली. गाडीतून पुष्पावतीवहिनी उतरल्या. म्हणजे खुद्द वैजनाथभाऊंच्या मंडळी! पुंजारामच्या हातातला कोयता गळून पडला. त्याला वाटलं, भाऊंना छताला टांगल्याची तक्रार वर गेली. बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुंपणापाशी बायका गोळा झाल्या. सगळ्यांत पुढे सत्यशीला, एका भुवईवर पदर धरून.

"पार्लर म्हंत्यात ते हेच का?" वहिनी म्हणाल्या. "अष्टमीला देवीच्या आरतीचा मान हाय माझा. भुवया करायच्या हायेत."

धनश्रीने विटा नीट केल्या. वहिनी बसल्या. त्यांनी मान मागे टाकली आणि त्यांचे डोळे थेट माझ्या डोळ्यांना भिडले. गॉगलापासून सिंहाच्या शेपटीपर्यंत सगळं बघून झालं. मग त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला.

"घरात बी हेच. चौकात बी हेच. ग्यासवाल्याच्या क्यालिंडरवर बी हेच. घटकाभर डोळं मिटून पडावं म्हनून हितं आले, तर हितं बी हेच!"

कुंपणापाशी कुणीतरी फिस्सकन हसलं. पुंजाराम हात जोडून पुढे आला. "वहिनी, चूक झाली. आत्ता काढतो."

"काढू नगा, ऊन लागंल. फिरवा. तोंड पत्र्याकडं करा ह्यांचं."

"पर वहिनी," पुंजारामचा आवाज अगदी बारीक झाला, "जित्या मानसाचा फोटू पालथा... भाऊंना काय झालं तर?"

वहिनी खुर्चीतून उठल्या आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"कुकू कुनाचं हाय?"

"तुमचं."

"मंग मी सांगते. फिरवा."

पुंजाराम तारा सोडायला धावला. अंगदने शिडी लावली, लंकाबाईने ती धरली, आणि वहिनी ओट्यावर बसून चहा पीत "जरा डावीकडं ओढा, झोळ पडलाय" असं सांगू लागल्या. उलटण्याआधी मी एकदा ती खोली नीट बघून घेतली. गुलाबी भिंत, भेंडीची फुलं, टायरचा आरसा, आणि धनश्रीचा चेहरा. ती हसत होती. मग माझ्या डोळ्यांसमोर पत्रा आला.

वहिनींच्या दोन्ही भुवया झाल्या. त्या आरशात बघून "झकास!" म्हणाल्याचं मी ऐकलं. मग दारातून सत्यशीलाचा आवाज आला, "धनश्री, माजी येक ऱ्हायलीया गं." त्यानंतर दिवसभर त्या खुर्चीच्या विटा सरकत राहिल्या.

आता माझे दिवस सुखाचे आहेत असं म्हणवत नाही. दुपारी पत्रा तापतो. भाऊंच्या मिशीवरून पाली ये-जा करतात. सिंहाच्या जबड्यात एका चिमणीने काड्या आणून ठेवल्या आहेत. खालचं मला काहीच दिसत नाही. म्हणूनच दसऱ्यानंतरची ती सकाळ मला फार जड गेली. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. भांडी चढवल्याचा, कोयते बांधल्याचा आवाज आला. लंकाबाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "जपून ऱ्हा गं." पण हे ती कुणाला म्हणाली? धनश्रीला, की शेजारणीला? पुंजारामने शब्द पाळला, की आयत्या वेळी त्याचं मन फिरलं? मला काय कळणार! ट्रॅक्टर लांब गेला. घरात सामसूम झाली. माझा धीर सुटत चालला.

तेवढ्यात खाली वीट सरकली. आणि दातात दोरा धरल्यामुळे जरा बोबडा झालेला एक आवाज आला, "वर बघा काकू, अन् हलू नगा."

काकूंनी वर बघितलं असेल. त्यांना माझी पांढरी पाठ दिसली असेल, दुसरं काही नाही. मित्रांनो, चौकात उभा होतो तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

म्हणून तुम्हाला हात जोडून एकच विनंती करतो. वाढदिवस झाला की फ्लेक्स ओढ्यात टाकू नका, पेटवूही नका. आमच्या अंगात अजून पुष्कळ ऊन-पाऊस सोसायची ताकद असते. आम्हाला घरी न्या, धुवा, ताणून बांधा आणि झोळ पडू देऊ नका. फक्त कोणती बाजू खाली घ्यायची, ते खाली बसणाऱ्या बाईला आधी विचारा.