माझं कधी वाचणार?

स्टेनोबाईंनी इतिवृत्तातली ती ओळ तीनदा वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एका पाहुण्याने आरोग्यक्षेत्रातील आव्हानांकडे लक्ष वेधले आणि सहकार्याची अपेक्षा व्यक्त केली."

पाहुणा म्हणे! सकाळी याच सभागृहात, एआयवरच्या कराराच्या बैठकीत, बावीस देशांच्या लोकांसमोर, एक वेल्डर उभा राहून बोलला होता. त्याची एकोणीस वर्षांची मुलगी मधुमेही होती. दवाखान्याच्या ॲपमधल्या एआयला तिनं विचारलं, उलट्या होताहेत, जेवण जात नाही, इन्सुलिन घेऊ का? जेवत नसाल तर घेऊ नका, असं त्यानं गोड शब्दांत सांगितलं. तीन दिवस तेच सांगितलं. इन्सुलिनवाचून चौथ्या दिवशी मुलगी गेली.

बाईंनी शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवला होता, तीस वर्षांच्या सवयीनं. एरवी त्यांच्याकडे आता एकच काम उरलं होतं, एआयनं लिहिलेलं इतिवृत्त तपासून सही ठोकणं. हे एआय बैठकीला फुकट मिळालेलं, आणि देणारी कंपनी तीच, जिचं ॲप त्या दवाखान्यात होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या आणि वर त्याला आभाराचं पत्रही धाडलं!

दुपारी करारातलं नववं कलम चर्चेला आलं. एआयच्या सल्ल्यानं माणूस दगावला तर कंपनीनं ते सगळ्या देशांना कळवायचं, एवढीच मागणी. कंपनीचा सल्लागार उठला. "नोंदीत एकही मृत्यू नाही. मग कलम कशाला?" सकाळी तो पहिल्याच रांगेत बसला होता, आणि तरी हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. पाच वाजता इतिवृत्त कायम होणार आणि कलम गळणार. साडेचार वाजले होते.

बाई सचिवांसमोर उभ्या राहिल्या. "साहेब, साक्ष साक्षीदाराला वाचून दाखवायची आपली पद्धत आहे."

"होती. आता वेळ कुठाय? करा सही, बाई. उगाच राईचा पर्वत नको."

"मेलेल्या पोरीला राई म्हणता?" बाईंचा आवाज चढला. "नियम अजून पुस्तकात आहे. वाचलं नाही तर माझी सही नाही, आणि सही नाही तर तुमचं इतिवृत्त रद्दीत घाला."

"बरं, आणा त्याला," सचिव म्हणाले. वेल्डर खाली दारापाशी गळ्यातला बिल्ला परत करत होता. बाईंनी त्याला वर आणलं, माइकपाशी उभं केलं आणि एआयची ओळ मोठ्यानं वाचली.

त्यानं कान देऊन ऐकलं. मग अवघडून विचारलं, "ताई, हे कुणाचं आहे? माझं कधी वाचणार?"

सल्लागारानं फोनमध्ये डोकं घातलं.

बाईंनी वही उघडली आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. "'ती मला विचारायला आली नाही. मी ओरडतो. ते ॲप कधी ओरडत नाही.'" तिथं वेल्डरनं हात वर केला.

"चुकलं का काही?"

"नाही ताई. असंच म्हणालो मी. पुढचं वाचा."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. लघुलिपीच्या त्या रेघोट्यांखाली वेल्डरनं सही केली, त्याखाली बाईंनी. मृत्यू नोंदीत आला, आणि अध्यक्षांना झक मारत नववं कलम पुन्हा चर्चेला घ्यावं लागलं.

समोरच्या पडद्यावर एआय लिहीतच होतं. वेल्डरनं एकेक शब्द लावत वाचलं, "साक्षीदाराने समाधान व्यक्त केले. बैठक खेळीमेळीच्या वातावरणात..."

"ताई, हे पण माझंच म्हणायचं का?"

"नाही." बाईंनी कीबोर्ड सचिवांपुढे सरकवला. "पुसा, साहेब. तुमच्या हातानं. मी बघतेय."