दोन बोटं जागा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. डबा म्हटलं की तुम्हाला बिस्किटं आठवतील, म्हणून आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरचा डबा. सगळं सामान ज्याच्या पोटात बसवतात तो. दुकानात मला कॅबिनेट म्हणतात. सध्या ज्यांच्याकडे राहतो त्या उस्तादांच्या घरी मी डबाच आहे आणि आता त्याचं मला काही वाटत नाही.

कारखान्यात पत्रा कापून, वाकवून, रिव्हेट ठोकून मला उभं केलं. माझी पहिली नोकरी एका फोटो स्टुडिओत लागली. माझ्या पुढच्या बाजूला चार खणांचा लोखंडी पिंजरा होता आणि प्रत्येक खणात एकेक हार्ड डिस्क. फोटोग्राफर गिऱ्हाइकांना सांगायचा, "तुमचे सगळे फोटो या डब्यात आहेत, काळजी सोडा." हे ऐकून माझी छाती फुगायची, पत्र्याची जेवढी फुगते तेवढी. मग काचेच्या अंगाचा, रंगीत दिव्यांचा नवा कॉम्प्युटर आला. माझं पोट रिकामं करून मला दाराआड ठेवलं आणि लोक माझ्या डोक्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले.

अशात एक दिवस उस्ताद ओळखपत्राचा फोटो काढायला आले. त्यांनी पस्तीस वर्षं लांब पल्ल्याचा ट्रक चालवला होता आणि उस्ताद हे नाव क्लीनर पोरांनी दिलेलं. डाव्या डोळ्याने दगा दिला, लायसन्स गेलं आणि ते घरी बसले. बसले म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. कोणी कपाटाचं दार उघडलं की यांचं सुरू, "येऊ दे, येऊ दे, बास!" त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, घरी शिवणकाम करायच्या. कापड कापताना मागून "डावीकडे घे" असं कोणी दोन वर्षं सांगत राहिलं, तर कात्री कुठे चालवावीशी वाटेल ते तुम्हीच ठरवा.

फोटोग्राफरच्या नव्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम सुरू होता. उस्ताद सहज म्हणून खुर्चीत बसले ते उठेचनात. त्यांच्या मागे उभं राहून तीन गिऱ्हाइकं फोटो काढून गेली. शेवटी काकू शोधत आल्या. बघतात तर नवरा बटणं दाबतोय, वळणावर अख्खा कलतोय आणि तोंडातून एक शब्द नाही.

काकू फोटोग्राफरला म्हणाल्या, "हे यंत्र केवढ्याला पडतं?"

आकडा ऐकून त्यांनी नवऱ्याला खुर्चीतून ओढायला सुरुवात केली. मग फोटोग्राफरनेच मार्ग काढला. सुटं सामान आणून घरी जोडायचं, पडदा म्हणून घरातला टीव्ही वापरायचा आणि डबा म्हणून मला न्यायचं, तेही फुकट. अशी माझी वरात उस्तादांबरोबर भाड्याच्या रिक्षातून निघाली.

सामानाची यादी काकूंच्या कापड कापायच्या टेबलावर झाली. कॉम्प्युटरच्या सामानाचा दुकानदार फोनच्या स्पीकरवर होता. काकूंनी शिलाईतून साठवलेली रक्कम पुढे ठेवली आणि बजावलं, "यापुढे एक पैसा मिळणार नाही."

दुकानदार म्हणाला, "काका, रॅम दिवेवाली घेऊ या. मस्त उजेड पडतो."

"बंद डब्यात उजेड पाडून कोणाला दाखवायचाय?" काकूंनी दिवे तिथेच विझवले.

"पॉवर सप्लाय स्वस्तातला चालेल?"

"अजिबात नाही," उस्ताद गरजले. "बॅटरीत कंजुषी केली की गाडी नेमकी घाटात बंद पडते. तो चांगला दे. प्रोसेसर मधला दे. दिखाऊपणा नको."

मला मनापासून बरं वाटलं. माणूस जाणकार होता. उरलेल्या पैशांत चित्रं पळवणारं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. दुकानदाराकडे तीन पंख्यांचं एक वापरलेलं कार्ड होतं. स्वस्त आणि ताकदवान, पण एकदा नेलं की परत घेणार नव्हता.

"फक्त डब्यातली जागा मोजून घ्या, काका. कार्ड लांब आहे."

"मोजायचं कशाला? पस्तीस वर्षांत एका पुलाखाली टप घासला नाही माझा. नजरेने सांगतो, बसतंय!"

मी टेबलाखाली उभा होतो. ते माझ्याकडे बघून बोलले, तेही अधू डोळ्याच्या बाजूने.

सामान आलं. फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत दोघांनी दोन दिवस जोडणी केली. मदरबोर्ड बसला, प्रोसेसर बसला, पॉवर सप्लाय तर ऐटीत बसला. शेवटी कार्ड. ते आत सरकलं, सरकलं आणि माझ्या पिंजऱ्यावर आपटून थांबलं. उस्तादांनी तिरकं घालून पाहिलं, उलटं घालून पाहिलं, मला दोन शिव्याही घालून पाहिल्या.

मग ते खुर्चीत बसले. "विकून टाक सगळं," ते म्हणाले. "रस्त्यावर कधी अडकलो नाही आणि घरात टेबलावर अडकलो. डोळा गेला तेव्हाच समजायला हवं होतं मला." एवढा दांडगा माणूस, पण आवाज पार बसला होता. मला फार वाईट वाटलं. अडवणारा मीच होतो.

काकूंनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या पोटात घातली. माझं माप आयुष्यात पहिल्यांदाच कोणी घेत होतं. "दोन बोटं कमी पडतंय," त्या म्हणाल्या. "अहो, ब्लाउज घट्ट झाला म्हणून बाई विकून टाकतात का? उसवतात. हा पिंजरा काय कामाचा आहे?"

"जुन्या हार्ड डिस्कचा. आपली नवीन डिस्क बोर्डावरच बसली आहे."

"मग हे टाके तोडा."

टाके म्हणजे माझे रिव्हेट, मित्रांनो! तो पिंजरा म्हणजे माझी सगळी इज्जत होती. त्याच्यामुळे कोणे एके काळी लोक माझ्या भरवशावर निश्चिंत घरी जायचे. पण खरं सांगू का, आता त्यात धुळीशिवाय काही नव्हतं आणि समोर एक माणूस खुर्चीत मिटून बसला होता. मनातल्या मनात म्हटलं, तोडा. तसाही मी बोललो असतो तर कोणाला ऐकू आलं असतं?

काकूंनी आधी आतलं सगळं सामान बाहेर काढून झाकलं. फोटोग्राफरचं ड्रिल आलं. उस्तादांनी आठ रिव्हेट उडवले, पिंजरा खळ्ळकन बाहेर आला. पत्र्याचा कीस माझ्या तळाशी सांडला होता. काकूंनी टाचण्या उचलायचं लोहचुंबक फिरवून तो कण न् कण टिपून घेतला. पुन्हा जोडणी झाली. या वेळी कार्ड आत गेलं आणि जागेवर बसलं.

बटण दाबलं. पंखे फिरले. टीव्हीवर ट्रक उभा राहिला. उस्तादांनी इंजिन चालू केलं, आरसे पाहिले आणि मागे न बघता म्हणाले, "अगं, बस ना."

"कुठे?"

"क्लीनरच्या बाजूला."

काकू म्हणाल्या, "पस्तीस वर्षं तुमची गाडी गेली की मी दारात उभी. एकदाही म्हणाला नाहीत बस म्हणून."

"कंपनीचा नियम होता."

"नियम गेला खड्ड्यात," असं म्हणत त्यांनी शिवणाचं स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या.

थोडं अंतर गेल्यावर रस्त्यात एक बुटका पूल आला. उस्तादांनी करकचून ब्रेक दाबला. या वेळी ते नजरेने काही सांगेनात. "जरा उतरून बघतेस का?"

काकू उठल्या, टीव्हीला टेप लावली, आधी ट्रक मोजला, मग पूल मोजला. "दोन बोटं जागा आहे," त्या म्हणाल्या. "येऊ द्या, येऊ द्या!"

ट्रक पुलाखालून अलगद पलीकडे गेला.

मित्रांनो, आता माझा पिंजरा शिलाई मशीनशेजारी भिंतीवर आहे. चार खणांत दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे मांडली आहेत, म्हणजे त्यालाही नोकरी लागली. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर महिन्यातून एकदा त्याची धूळ झटका. सामान घ्यायच्या आधी टेप लावा. आणि रोज संध्याकाळी काकू स्टूल ओढतात तेव्हा मला जे वाटतं, तेही सांगून ठेवतो. लांबच्या गाडीवर निघालात आणि शेजारची जागा रिकामी असली, तर दारात उभ्या असलेल्या माणसाला एकदा "बस" म्हणा.