दोन झाडांमधला पट्टा

मी दोन बोटं रुंद आणि चार हात लांब असा एक जुना पट्टा आहे. दमलेला आहे, म्हणून सावकाश सांगतो. मित्रांनो, तुम्हीही सावकाशच ऐका.

जंगलात दोन झाडांना बांधून झोपायची झोळी असते ना, जिला हॅमॉक म्हणतात, ती झाडाला धरून ठेवायचं काम माझं. माझा एक जुळा भाऊ होता. एका झाडाला तो, दुसऱ्याला मी.

आम्हाला ज्यांनी शिवलं, ते तंबू आणि ताडपत्र्या शिवणारे कारागीर. सगळे त्यांना तंबूकाका म्हणत. त्यांची एकुलती एक मुलगी डोंगरातले झरे मोजायची. कुठल्या झऱ्याला किती पाणी आहे, किती आटलं, याची नोंद करत पंधरा-पंधरा दिवस रानात हिंडायची. जमीन ओली आणि जळवांनी भरलेली, म्हणून झोपायला झोळीच हवी. पण पाठीवर आधीच मापाची अवजारं. तिने वडिलांना बजावलं होतं, की पट्टे मजबूत करा, पण माझ्या पाठीचा विचार करा.

काकांनी हे फारच मनावर घेतलं. कारखान्याच्या तुळईला त्यांनी मुलीच्या वजनाचं वाळूचं पोतं टांगलं आणि एकेक माल तपासायला घेतला. आधी खाटेला विणतात ती सुती नवार. मजबूत होती, पण भिजली की पाणी पिऊन दुप्पट जड व्हायची आणि चार दिवस वाळायची नाही. मग नायलॉन. हलकं, मऊ, काकांना मनापासून आवडलेलं. संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडून पोतं गुडघ्याइतकं उंच टांगलं, तर सकाळी पोतं आरामात फरशीवर बसलेलं. नायलॉन ओलं झालं की ताणतं. मुलगी हसून म्हणाली की याच्यावर झोपले तर जळवांना माझ्याकडे यायचे कष्टही नकोत.

शेवटी तिने स्वतःच एक बारीक दोरी आणली. नव्या धाग्याची, करंगळीपेक्षा बारीक, वजन जवळजवळ नाहीच, आणि ताकद अशी की बैल उचलावा.

"बाबा, हीच घेऊ या. अर्धं ओझं कमी होईल."

काकांनी दोरी अंगणातल्या झाडाला बांधून पोतं लटकवलं. तासाभराने सोडून पाहिलं, तर सालीत खोल चर पडला होता. त्यात बोट फिरवत ते म्हणाले, "तुझं वजन झाडावर तळव्यासारखं पडावं, सुरीसारखं नाही."

मग मधला मार्ग निघाला. झाडाभोवती पॉलिएस्टरचा रुंद पट्टा, कारण तो फारसा ताणत नाही आणि पाणीही फार पीत नाही. आणि तिथून झोळीपर्यंत ती बारीक दोरी, वजन वाचावं म्हणून. तो पट्टा म्हणजे मी आणि माझा भाऊ. टोकं दुमडून काकांनी चौकोनात फुली मारून टाके घातले. शिवलेल्या प्रत्येक वस्तूवर आधी स्वतः बसून पाहायची त्यांची पद्धत होती. आमच्यावरही ते बसले, दोन झोके घेतले आणि मगच आम्हाला मुलीच्या हातात दिलं.

सात वर्षं आम्ही राबलो. वारा, चिखल, मुंग्या, झाडांचा डिंक. मुलगी झोळी नेहमी थोडी सैल बांधायची, कारण ताठ बांधली की आमच्यावरचा ताण कितीतरी वाढतो. सोबतचे लोक म्हणायचे, "एवढासा पट्टा, पण काय धरतो!" अशा कौतुकाने थकवा जात नाही, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ताणलं जायला बरं वाटतं.

पुढे तिची बदली कचेरीत झाली. भाऊ पिशवीत, कपाटात गेला. मी मात्र गॅलरीच्या लोखंडी कठड्याला बांधला गेलो, ओल्या गोधड्या वाळत घालायला. चार उन्हाळे मी तिथेच होतो. वाऱ्याने गंजक्या कठड्यावर घासत राहिलो. गर्द हिरवा होतो, राखाडी झालो. ऊन आतला धागा कसं खातं, हे बाहेरून दिसत नाही. कमी कमी होत गेल्याचं मला कळत होतं; सांगणार कुणाला?

एक दिवस तिला निरोप आला, की डोंगरातले झरे झपाट्याने आटताहेत, ताबडतोब नव्याने मोजणी हवी. घरात धांदल उडाली. तिने कपाटातून भावाला काढलं, गॅलरीतून मला सोडवलं आणि घाईघाईत झोळी कारखान्याच्या दोन खांबांना बांधली. काका आता सत्तरीला आले होते, नजर अधू झालेली. तरी म्हणाले, "थांब, आधी मी."

ते बसले. मला त्यांचं वजन ओळखीचं होतं. मी होता नव्हता तेवढा जोर लावला, मित्रांनो, खरंच लावला. भाऊ तसूभर हलला नाही. मी मात्र टाक्यांपाशी फाटलो, आणि काका फरशीवर आदळले.

मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांकडून परतल्यावर मुलीने मला फरशीवरून उचललं आणि फाटलेले टाके पाहिले. मग म्हणाली, "गोधड्यांना मीच बांधला होता, बाबा. चार उन्हाळे उन्हात होता, हे लक्षातच आलं नाही."

"मीही हात लावून पाहिलं नाही," काका म्हणाले. "रानात तुटला असता, तर तुला उचलायला कोण होतं?"

तिचं जाणं आठ दिवस पुढे गेलं. त्या आठ दिवसांत, हात गळ्यात बांधून, काका तिच्या शेजारी बसून होते आणि ती मशीनवर नवे पट्टे शिवत होती. चौकोनाची फुली दोनदा चुकली, दोनदा उसवायला लावली. काकांनी रागाचा एक शब्द काढला नाही.

मला त्यांनी फेकलं नाही. मजबूत आणि हलका पट्टा कोणता, असं विचारत कुणी आलं, की काका मला त्यांच्या हातात देतात. नख ओढलं की माझ्या अंगाची पूड बोटाला लागते.

म्हणून एवढंच मागणं आहे. चांगला माल निवडून तुमचं काम संपत नाही. आम्हाला सावलीत ठेवा, कोरडं ठेवा, आणि अंग टाकण्याआधी एकदा टोकापासून टोकापर्यंत हात फिरवा. दमलो, असं आम्हाला सांगता येत नाही. ते तुम्हीच ओळखायचं असतं.